एका तारेपासून १५४ पिनांपर्यंत

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात गाडीचे इंजिन उतरवणे ही आता कुणाला मोठी गोष्ट वाटत नाही. चेनपुली, हाताखाली दोन पोरे आणि एक जाणता मिस्त्री असला की सकाळी हाती घेतलेले काम दुपारी उरकते. दुसरे इंजिन फाउंडेशनवर बसवणे, गिअरबॉक्सशी जुळवणे, रेडिएटरचे पाइप लावणे हेही एक-दोन दिवसांत होऊन जाते. मग चावी फिरवली जाते. सेल्फ लागतो, इंजिन गरगर फिरते, पण पकडत नाही. मीटरवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेलाच राहतो. पंप, फिल्टर, टाकी, नोझल सगळे तपासून होते. इंजिनात दोष नसतो. तरीही नांदेडहून नाहीतर हैदराबादहून लॅपटॉपवाला येईपर्यंत गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते. तेवढे दिवस मालकाचे भाडे बुडते आणि मिस्त्रीची जागा अडते.

काम अडलेले असते ते एका चपट्या ॲल्युमिनियमच्या पेटीपाशी. कुणी तिला ईसीएम म्हणते, कुणी ईसीयू. इंजिनाचा संगणक तो हाच. डिझेल केव्हा, किती आणि किती दाबाने सोडायचे हे ती ठरवते. मराठवाड्यातल्या मिस्त्रीच्या हाताला कौशल्याची वाण नाही. त्याला वाण आहे ती या पेटीच्या माहितीची. ती माहिती त्याच्यापर्यंत पोचणे हा त्याचा हक्क आहे आणि गाडीमालकाचाही, असे मला ठामपणे वाटते. असे का वाटते हे सांगायचे तर आधी पेटीत काय चालते ते पाहावे लागेल.

एका तारेचे दिवस

इंजिन बदलणे आपल्याकडे नवे नाही. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त असण्याच्या काळात महाराष्ट्रभर पेट्रोलच्या जीप आणि ॲम्बेसेडर गाड्या डिझेलवर करून घेतल्या गेल्या. त्या कामात कस लागायचा तो लोखंडात. फाउंडेशनचे ब्रॅकेट घडवायचे, बेल हाउसिंगला ॲडॉप्टर प्लेट करायची, सायलेन्सरचा पाइप वळवायचा, आणि जास्त वजनासाठी पाटे बळकट करायचे. विजेचे काम असून नसल्यासारखे होते. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी जवळजवळ एकच तार लागे, डिझेल बंद-चालू करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची. सेल्फ आणि हीटर प्लगच्या तारा सोडल्या तर बाकी सगळे पंपातले स्प्रिंग आणि गव्हर्नर सांभाळत. धक्का मारून सुरू केलेली गाडी बॅटरी उतरली तरी घरी पोचायची.

मुखेड हा वाडी-तांड्यांचा तालुका. बालाघाटच्या डोंगराळ, कोरडवाहू भागात माणसाला आणि मालाला काळी-पिवळी, जीप आणि पिकअप यांचाच मोठा आधार. इथे गाडीचा सांगाडा भक्कम असेल तर थकलेल्या इंजिनापायी ती भंगारात घालणे कुणाला परवडत नाही. कर्ज फिटलेली गाडी हे घरातले कमावते साधन असते. त्यामुळे इंजिन बदलण्याचा विचार इथे हौसेतून येत नाही, पोटातून येतो. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करून घेण्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर ती नीट चालती असली पाहिजे, हा हिशेब त्यामुळे आणखी पक्का झाला.

पेटी कुठून आली

हवेच्या प्रदूषणाचा बंदोबस्त करायचा म्हणून ही पेटी आली, आणि ते कारण योग्यच होते. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी दिल्लीच्या परिसरात युरो मानकांच्या गाड्यांची सक्ती केली. त्यानंतर कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि पेट्रोल गाड्यांत एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी पद्धत, आले. भारत स्टेज-४ ची मानके २०१० मध्ये १३ मोठ्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ आले. डिझेल इंजिनात ही मर्यादा गाठायला कॉमन रेल पद्धत लागली. एका जाड पोलादी नळीत डिझेल भयंकर दाबाने भरून ठेवायचे आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरता उघडायचा. हे काम स्प्रिंगने होत नाही.

म्हणून स्टॉप सोलेनॉइडच्या त्या एका तारेच्या जागी आज काय आले ते पाहा. बॉश कंपनीच्या ईडीसी-१७ मालिकेतल्या अनेक पेट्यांना दोन कपलर असतात. एकात ९४ पिना, दुसऱ्यात ६०. एकूण १५४. एक कपलर इंजिनाकडे जातो, दुसरा गाडीकडे. इंजिन बदलताना इंजिनाकडचा कपलर बहुधा जसाच्या तसा सोबत येतो. अडचण होते ती गाडीकडच्या कपलरची, कारण त्याच्या पलीकडची गाडीच बदललेली असते.

पेटी इंजिनाला कशी ओळखते

पेटीला डोळे नाहीत. क्रँक कुठे आहे हे तिला एका दातेरी चाकावरून कळते. हे चाक बहुतेक इंजिनांत ‘साठ उणे दोन’ या मापाचे असते. म्हणजे जागा ६० दात्यांची, पण दाते ५८. दोन मुद्दाम गाळलेले. एक दाता म्हणजे क्रँकचे ६ अंश. चाकासमोर मिलिमीटरभर अंतरावर क्रँक सेन्सर बसवलेला असतो. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर निवांत चालू असते तेव्हा या सेन्सरसमोरून सेकंदाला ८७० दाते जातात. मधली मोकळी जागा आली की पेटीला फेरीची सुरुवात कळते. तिथून दाते मोजून ती पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कुठे आहे हे ठरवते. तो दाबावर आहे की धूर बाहेर टाकतो आहे, हे कॅम सेन्सर सांगतो. दोघांची साक्ष जुळली तरच इंजेक्टर उघडतो.

इंजिन बदलताना पहिला मोठा खड्डा इथेच आहे. काही इंजिनांत हे दाते किंवा त्यासाठीची भोके फ्लायव्हीलवरच असतात. गिअरबॉक्स जुना ठेवायचा म्हणून मिस्त्री फ्लायव्हीलही जुने बसवतो. क्लच छान जुळतो, पण पेटीला हवे ते दाते नाहीसे झालेले असतात. इंजिन कितीही फिरवा, डिझेल सुटणार नाही. पेटीतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड दिसतो. मग नवा सेन्सर आणला जातो, तोही वाया जातो, कारण दोष सेन्सरचा नव्हताच. फ्लायव्हील इंजिनाबरोबरचेच ठेवायचे आणि जुळवाजुळव क्लच प्लेटमध्ये करायची, एवढे ठाऊक असते तर आठवडा वाचला असता.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून ठसवून सांगतो. जुन्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर मार खातो हे पाहायला मिस्त्री चालू इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करतात. कॉमन रेलला हे चुकूनही करू नये. निवांत चालतानाही रेलमध्ये साधारण २५० ते ३०० बार दाब असतो आणि पूर्ण जोरावर तो १,६०० बारच्या पुढे जातो. या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार हाताच्या कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. तेच काम स्कॅनरवर सिलिंडरनिहाय आकडे पाहून, कशालाही हात न लावता होते.

जोडणीचा क्रम

ज्या गाडीतून इंजिन काढायचे ती गाडी चालू स्थितीत असेल तर पान्याआधी स्कॅनर हातात घ्यावा. कोणते कोड आहेत ते उतरवून घ्यावे. पेटीवरचा नंबर लिहून ठेवावा. बॉशच्या डिझेल पेट्यांचा नंबर ०२८१ ने सुरू होतो, पेट्रोलच्या ०२६१ ने. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड टिपावा, कारण प्रत्येक इंजेक्टरची डिझेल सोडण्याची बारीक तफावत त्या कोडमध्ये असते आणि ती पेटीत भरावी लागते. इंजेक्टर इकडचा तिकडे झाला तर इंजिन खडखडते आणि धूर करते.

मग सामान गोळा करायचे. इंजिन आणि पेटी एवढ्यावर भागत नाही. ॲक्सिलरेटरचे पेडल, चावी, चावीच्या कुलपाभोवतीची इमोबिलायझरची रिंग, त्याची छोटी पेटी, मीटर, फ्यूज बॉक्स, रिले आणि पूर्ण वायरिंग, सगळे त्याच गाडीचे हवे. भंगार बाजारात वायरिंग कापून इंजिन सुटे देण्याची रीत आहे, कारण तांबे वेगळे विकले जाते. तिथे दोन पैसे जास्त देऊन कपलरसकट अखंड वायरिंग घेतले तर पुढची बरीच धावपळ वाचते.

गाडीत जोडताना चार गोष्टी आधी. पहिली, बॅटरीचा कायम प्लस. दुसरी, चावीवर येणारा प्लस. तिसरी, मेन रिले. चौथी, अर्थिंग. इथे आपला वायरमन परका नाही. रिलेवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे त्याला तोंडपाठ असतात. हेच ३० म्हणजे कायम प्लस, १५ म्हणजे चावीवरचा प्लस, ३१ म्हणजे अर्थ आणि ५० म्हणजे सेल्फ, हे कंपन्यांच्या वायरिंगच्या नकाशातही तसेच लिहिलेले असते. नकाशा वाचण्याची अर्धी भाषा त्याच्याकडे आधीपासून आहे. उरलेली अर्धी शिकवणारे कोणी भेटलेले नाही.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. इंजिन, चेसिस आणि बॅटरी यांना जोडणारी जाड पट्टी गंजलेली किंवा विसरलेली असली की सेल्फचा मोठा करंट सेन्सरच्या बारीक तारांतून वाट काढतो. सेन्सर पाच व्होल्टवर चालतात. तिथे अर्ध्या व्होल्टचा घोळ झाला की पेटीला तापमान आणि दाब खोटेच दिसू लागतात. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक तार इंजिनाच्या लोखंडाला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावावी. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ पक्का. या तपासणीला दोन मिनिटे लागतात.

फाउंडेशनचे ब्रॅकेट गाडीवरच वेल्ड करायचे असतील तर आधी बॅटरी सोडावी आणि पेटीचे दोन्ही कपलर काढून ठेवावेत. जुना दिव्याचा टेस्टरही पेटीच्या तारांना लावू नये. तो दिवा ओढतो तेवढा करंट पेटीच्या आतल्या नाजूक भागाला सोसत नाही. तिथे मल्टिमीटरच हवा. इंजेक्टरच्या तारांना तर चालू इंजिनात हात लावूच नये. तिथे १२ व्होल्ट नसतात. इंजेक्टर झटक्यात उघडावा म्हणून पेटी व्होल्टेज कितीतरी पट वाढवून देते.

चावी आणि हजेरी

एवढे करून इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले तर समजावे की इमोबिलायझर अडवतो आहे. चावीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. रिंग तिचा कोड वाचते आणि पेटी तो आपल्या कोडशी ताडून पाहते. जुळला नाही तर डिझेल बंद. चावी, रिंग आणि पेटी एकाच गाडीची आणली तर हा प्रश्न उरत नाही. नाहीतर योग्य साधनाने त्यांची जोडी पुन्हा जुळवावी लागते. इमोबिलायझर कायमचा पुसून टाकणारेही भेटतात. त्यात गाडी चोरीला मोकळी होते आणि चोरीच्या इंजिनांचा बाजार पोसला जातो. म्हणून चांगला मिस्त्री इंजिन कुठून आले त्याची पावती आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत मागितल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. मागणाऱ्या मिस्त्रीवर रागावू नये.

पुढचा अडथळा कॅनचा. गाडीतल्या पेट्या एकमेकींशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बॉशने १९८६ मध्ये ही पद्धत जगासमोर आणली. हे काम शाळेतल्या हजेरीसारखे चालते. इंजिनाची पेटी ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएसच्या, मीटरच्या, इमोबिलायझरच्या निरोपाची वाट पाहते. ज्याचा निरोप आला नाही त्याच्या नावापुढे खूण होते. जुन्या गाडीत एबीएस नसेल तर यू०१२१ हा कोड कायमचा बसतो, आणि काही गाड्यांत वेग कळत नाही म्हणून पेटी इंजिनाचा जोरच मर्यादित करते. ब्रेक आणि क्लचचे स्विच जोडायचे राहिले तरी असेच होते. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि दोघांचे आकडे एकमेकांशी जुळावे लागतात. जुळले नाहीत तर पी२१३८ कोड येतो आणि गाडी जेमतेम रांगते. हे जाचक वाटले तरी तसे करण्याला कारण आहे. एक सेन्सर बिघडून गाडी आपोआप सुसाट सुटू नये म्हणून ही दुहेरी साक्ष घेतली जाते.

कॅनची तार धड आहे का हे पाहायला महागडा स्कॅनरही लागत नाही. बॅटरी सोडून, स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजावेत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे आकडा ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलेले किंवा लावायचे राहिलेले आहे.

हे सगळे ठाऊक नसल्यामुळे खेड्यापाड्यांत उलटा प्रवास चालू आहे. कॉमन रेलची चांगली गाडी पेटी किंवा इंजेक्टर बिघडला म्हणून ‘साधी’ करून घेतली जाते. सेन्सर काढून टाकायचे आणि यांत्रिक पंप बसवायचा. गाडी चालते, पण काळा धूर सोडते आणि कायद्यातून बाहेर जाते. यात मालकाला दोष देऊन भागणार नाही. पेटी दुरुस्त करणारा हाताशी असता तर त्याने हा मार्ग धरला नसता.

पाणी शिरले तर

१७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. लेंडी धरण प्रकल्पाच्या परिसरातल्या रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना पाण्याने वेढले. माणसे दगावली, जनावरे गेली, लष्कराला बोलवावे लागले. त्या दुःखापुढे गाडीचे नुकसान लहान आहे. पण पूर ओसरल्यावर संसार पुन्हा उभा करताना हीच वाहने लागतात, म्हणून हेही सांगितले पाहिजे.

पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह फार मोठा असतो. तोच घात करतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पेटीत ओल असताना वीज दिली तर पिना झपाट्याने झिजतात. आधी बॅटरीचा मायनस सोडावा. कपलर उघडून चिखल स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, पूर्ण सुकू द्यावा. एअर फिल्टर ओला आहे का ते पाहावे, इंजिन ऑइल दुधाळ झाले आहे का ते पाहावे. पिनांवर हिरवट थर चढला असेल तर ती पेटी आज चालली तरी चार महिन्यांनी दगा देईल. विम्याचा दावा करायचा असेल तर काहीही उघडण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवावे.

मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांची इंजिने आणि पेट्याही भंगार बाजारात येतात. मुंबईचे कुर्ला असो की दिल्लीचे मायापुरी, तिथून आलेल्या पेटीचे कपलर उजेडात धरून पाहावेत. पिनांवर हिरवटपणा आणि सांध्यात गाळाची रेघ दिसली तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती पेटी घेऊ नये.

कायद्याची रेघ

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या १८२-अ कलमानुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचे, त्याच जातीचे, त्याच इंधनाचे इंजिन बसवणे हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी आधी नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारावे, बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवावे आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा. यांत्रिक पंपाच्या गाडीत कॉमन रेलचे इंजिन बसवायचे असेल तर ते त्याच कंपनीचे असले तरी जात वेगळी ठरते. चेनपुली लावण्याआधी कार्यालयाचे उत्तर हातात हवे. अपघात झाला आणि आरसीवरचा नंबर जुळला नाही तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि घर उघड्यावर येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही इंजिन बदलता येते. मात्र नवे इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे हवे आणि त्याची धूर आटोक्यात ठेवणारी सगळी साधने जागेवर हवीत. अटी पूर्ण आहेत का हे सरकारमान्य तपासनीस पाहतो. आपल्याकडेही अशी स्पष्ट, लेखी वाट असती तर हवाही राखली गेली असती आणि गरिबाची गाडीही.

ज्ञान कुणाचे

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा त्यांच्यावरचा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण लहान गॅरेजची कैफियत खरी आहे हे त्या आदेशाने नोंदले गेले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कायदा करून मोटारींच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना खुली केली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. सुरुवात चांगली आहे. पण मुखेडच्या मिस्त्रीला त्याच्या हातातल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मराठीत आणि परवडेल अशा दरात मिळेल तेव्हाच तिचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

हे ज्ञान परदेशातून आणायचे नाही. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. बॉशचे डिझेल इंजेक्टर नाशिकला बनतात. छोट्या डिझेल गाड्यांत गाजलेले फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनत असे. ज्या राज्यात हे सगळे घडते त्याच राज्याच्या एका टोकाला गाडी पेटीपायी अडून पडते, हे मला फार खुपते.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम चालतात. तिथेच काम करत्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे वर्ग भरवावेत. एक चांगला स्कॅनर, दोन-तीन पेट्या आणि अखंड वायरिंग टेबलावर मांडून मराठीत शिकवावे. देगलूर, उदगीर, कंधार, मुखेडच्या गॅरेजवाल्यांनी वर्गणीतून एक कंपनी-दर्जाचा स्कॅनर घ्यावा आणि वायरिंगचे नकाशे एकत्र साठवावेत. इंजिन बदलाचे नियम परिवहन खात्याने एका पानावर मराठीत छापून प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावेत. कंपन्यांनी बंद झालेल्या मॉडेलच्या दुरुस्तीची माहिती खुली करावी. ज्या हातांनी पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन बसवून दाखवले, ते हात १५४ पिनाही जुळवतील. कोणती पिन कशाची आहे, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे, आणि ते सांगणे ही सरकारची आणि कंपन्यांची जबाबदारी आहे.